सत्तर आणि एकशे चाळीस

एका वृद्धाश्रमात एकदा एक वृद्ध गुरू आपल्या शिष्याला घेऊन आले. हे गुरू मठातले नव्हते. आधी टेलिफोनच्या आणि मग संगणकांच्या तारा जोडण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. शिष्य दहावीची परीक्षा अर्धवट टाकून त्यांच्या हाताखाली आला होता. चार वर्षांत त्याचा हात इतका बसला होता की गुरूंना तासभर लागणारे काम तो पंधरा मिनिटांत उरकी. मात्र अनोळखी माणसापुढे उभे राहिले की त्याची जीभ जड होई. यंत्रापुढे बसले की त्याला हायसे वाटे, कारण यंत्राला नमस्कार करावा लागत नाही आणि तब्येत विचारावी लागत नाही.

आश्रमातले काम साधे होते. तिथल्या सगळ्या यंत्रांचे पत्ते, म्हणजे तारांच्या जाळ्यात त्यांना ओळखायचे क्रमांक, एकाच मालिकेतले होते. एकंदर दोनशे छप्पन्न आकडे, आणि त्यांत सगळ्यांचा संसार. कार्यालयातले संगणक, रहिवाशांच्या खोल्यांतले फोन, शुश्रूषा विभागातल्या रुग्णांच्या उशाशी लावलेल्या घंटा आणि भेटायला येणाऱ्यांचे मोबाइल असे सगळे जणू एकाच अंगणात राहत होते. एकाने हाक मारली की ती सगळ्यांच्या कानी पडे. रविवारी पाहुण्यांची गर्दी झाली की त्यांच्या मोबाइलांच्या गलक्यात रुग्णांच्या घंटा हरवत. एका रविवारी एका आजोबांनी दाबलेली घंटा परिचारिकेच्या टेबलावर वाजायला वीस मिनिटे लागली. तेव्हा व्यवस्थापिकाबाईंनी गुरूंना बोलावून घेतले.

“या अंगणात भिंती घालायला हव्यात,” गुरू म्हणाले. “चौसष्ट-चौसष्टचे चार भाग करू. एक कार्यालयाचा, एक रहिवाशांचा, एक शुश्रूषा विभागाचा आणि चौथा पाहुण्यांचा. प्रत्येक भागातला पहिला आकडा त्या भागाचं नाव म्हणून राखायचा आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला. त्या दोन जागी कुणाला बसवायचं नाही.”

शिष्याने मनाशी हिशेब केला. “काका, पूर्वी सगळ्यांत मिळून दोनच आकडे रिकामे राहत होते. आता आठ राहणार. सहा फुकट गेले की!”

“वेगळं व्हायचं तर तेवढं मोडतंच रे,” गुरू म्हणाले. “आणि हे ध्यानात ठेव. प्रत्येक यंत्राला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. तुझा आकडा कोणता, आणि तुझ्या घराची हद्द कुठवर. हद्दीतल्याला ते थेट हाक मारतं. हद्दीबाहेरच्याशी बोलायचं असलं की दाराशी जाऊन निरोप देतं. हद्दच चुकीची सांगितली, तर दार असून उपयोग नाही.”

“माहीत आहे, काका.”

“आणि काम झालं की खोल्याखोल्यांतून हिंड. माणसांना सांग की आज आम्ही असं असं केलं आहे, तुमचा फोन लावून बघा.”

शिष्य हो म्हणाला. गुरूंना दुसऱ्या गावी आठवडाभराचे काम होते. ते त्याच दुपारी निघून गेले.

शिष्याने कार्यालयात खुर्ची ओढली आणि यादी समोर घेतली. बहुतेक यंत्रे आपला आकडा आणि हद्द एका मध्यवर्ती जागेवरून आपोआप घेत होती. तिथे एकदा बदल केला की काम होणार होते. हाताने भरलेली मोजकीच यंत्रे उरत होती. त्यांतल्या ज्यांचा आकडा नव्या भागात बसत नव्हता, ती त्याने एकेक करून बदलली. सत्तर नंबरपाशी येताच त्याला बरे वाटले. सत्तर नंबरचा फोन जुन्या बनावटीचा होता, मोठ्या बटणांचा, गुरूंनीच दोन वर्षांपूर्वी एका आजोबांच्या खोलीत बसवलेला. मोजणी शून्यापासून होत असल्याने रहिवाशांचा भाग चौसष्टपासून सुरू होत होता, म्हणजे सत्तर आपसूकच आपल्या जागी होता. आकडा बदलायला नको, तर यंत्र उघडायलाही नको, असे त्याने ठरवले आणि यादीत खूण केली. मग दाराच्या जागी बसवलेल्या यंत्रावरून त्याने सगळ्यांना हाक मारून पाहिली. सत्तरानेही ओ दिली. दाराला प्रत्येक भागात एक तोंड होते, सत्तरच्या भागातही, तेव्हा त्याला ओ द्यायला अडचण नव्हतीच.

राहिले खोल्यांतून हिंडणे. पंचेचाळीस खोल्या, पंचेचाळीस अनोळखी चेहरे. ‘बस बाळ, चहा घे, तुझं गाव कुठलं’ हे सगळे पंचेचाळीस वेळा. शिष्य कॉरिडॉरच्या तोंडापर्यंत गेला, तिथे थोडा वेळ घुटमळला आणि परत फिरला. सगळी यंत्रे ओ देताहेत, मग माणसांना कशाला त्रास द्यायचा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

सत्तर नंबरचा फोन असलेल्या त्या खोलीत राहणारे आजोबा उभे आयुष्य घड्याळे दुरुस्त करीत आले होते. त्यांची पत्नी दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच खोलीत होती. छातीचे दुखणे वाढले तेव्हा तिला पलीकडच्या इमारतीत, शुश्रूषा विभागात हलवले. आजोबांच्या कमरेचे हाड मोडून बसवलेले असल्याने त्यांना चालवत नसे, आणि चाकाच्या खुर्चीतून चढावरून वर न्यायला माणसे फक्त रविवारी मोकळी असत. उरलेले सहा दिवस त्यांचा फोनवर निभाव लागे. आजींच्या उशाशी एकशे चाळीस नंबरचा फोन होता. रोज दुपारी चार वाजता आजोबा पहिले बटण दाबत. चार म्हणजे चार. दोन मिनिटे आधी केला तर आजी उचलीत नसत आणि नंतर म्हणत, “घड्याळजी, तुमचं घड्याळ पुढे आहे.”

भिंती घातल्या त्याच्या आदल्या दिवशी त्या दोघांचे थोडे वाजले होते. कारण म्हणाल तर लिंबाचे लोणचे. आजोबांना मीठ वर्ज्य होते.

“तुम्ही लोणचं खाल्लंत,” आजी फोनवर म्हणाल्या.

“कोण म्हणतं?”

“तुमचा आवाज म्हणतो. मिटक्या मारून बोलताय.”

“तू तुझ्या औषधाचं बघ. माझ्या ताटात डोकावू नकोस,” असे म्हणून आजोबांनी फोन ठेवला. ठेवल्याक्षणीच त्यांना वाईट वाटले. उद्या चारला समजूत काढू, असे त्यांनी मनाशी म्हटले.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांनी बटण दाबले. पलीकडे काहीच वाजले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अधूनमधून त्यांचा फोन वाजे, पडद्यावर एकशे चाळीस दिसे. ते घाईने उचलून “हां, बोल” म्हणत आणि पलीकडून श्वासही ऐकू येत नसे. रविवारी आश्रमातल्या मदतनीस मावशी चाकाची खुर्ची घेऊन आल्या तेव्हा आजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “आज गुडघा दुखतोय. नको.” मावशींनी वर जाऊन आजींना विचारले, “आजोबांना काही निरोप सांगू का?” आजी म्हणाल्या, “त्यांना माझं बोलणं टोचतं. राहू दे.”

सातव्या दिवशी गुरू परतले आणि शिष्यासह काम पाहायला आश्रमात आले. शुश्रूषा विभागातल्या घंटा आता दाबताक्षणी वाजत होत्या. व्यवस्थापिकाबाई प्रसन्न होत्या. शिष्य मान खाली घालून कौतुक ऐकत होता. त्याच वेळी ओसरीवर मावशींचा आवाज चढला.

“सहा दिवस झाले, राजाराणी बोलत नाहीत! या वयात काय हे आजोबा? फोन करा की सरळ.”

“करतो. रोज चारला करतो,” आजोबांचा आवाज आला. “ती घेत नाही. वर मधूनच स्वतः लावते, मी उचलतो तर बोलत नाही. फोन लावायचा आणि मुकं बसायचं! बावन्न वर्षांत हे नव्हतं केलं. आता जाता जाता शिकली.”

शिष्याला यादीतली सत्तरपुढची खूण आठवली. तो कुणाला काही न बोलता आजोबांच्या खोलीत शिरला आणि त्याने फोनमधली नोंद उघडली. आकडा सत्तर, बरोबर. त्याखाली हद्द सांगणारी संख्या. तिच्या शेवटच्या जागी दोनशे छप्पन्न वजा चौसष्ट, म्हणजे एकशे ब्याण्णव हवे होते. तिथे अजून शून्य होते.

म्हणजे त्या फोनला अजून वाटत होते की सगळे अंगण एकच आहे. त्याने आपला संगणक जोडला आणि फोन काय बोलतो आहे ते पडद्यावर पाहिले. एव्हाना मावशींनी आजोबांना खोलीत आणले होते; शिष्याने खूण केली तसे त्यांनी बटण दाबले. ओळीमागून ओळ येत होती, आणि प्रत्येक ओळीत तेच होते. एकशे चाळीस कोण आहे? सत्तरला सांगा. एकशे चाळीस कोण आहे? सत्तरला सांगा. एकशे चाळीस भिंतीपलीकडे होता. दार चार पावलांवर होते. पण हा फोन आपल्याच घरात उभा राहून हाका मारीत होता, कारण भिंत घातल्याचे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पलीकडच्या फोनला हद्द ठाऊक होती. तो दाराने निरोप पाठवी, तो इथे पोहोचे, घंटा वाजे. पण इथून दिलेली ओ मात्र परत जात नसे. आजी पलीकडे कान लावून बसत आणि इकडे कुणी उचललेच नाही असे समजत.

शिष्याने ती संख्या बदलली. अर्धे मिनिट लागले. चार वाजायला आले होते. “आजोबा,” तो कसाबसा म्हणाला, “आता लावा.”

आजोबांनी बटण दाबले. या वेळी पलीकडे घंटा वाजल्याचे स्पष्ट ऐकू आले. “वाजतोय!” शिष्य ओरडला. “आजोबा, वाजतोय!” घंटा वाजत राहिली. दहा वेळा, पंधरा वेळा. मग थांबली. आजोबांनी पुन्हा लावला, पुन्हा तसेच झाले. त्यांनी फोन हळूच जागेवर ठेवला.

“बघ,” ते म्हणाले. “मी सांगत नव्हतो?”

शिष्याने दाराशी उभ्या असलेल्या गुरूंकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत राग शोधला, तो सापडला नाही. शिष्य हलक्या आवाजात म्हणाला, “काका, यंत्र आता बरोबर आहे. आज नाही तर उद्या उचलतील त्या.”

तेव्हा गुरूंनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ते पुढे आले, त्यांनी नुकत्याच नीट झालेल्या त्या फोनची तार भिंतीतून उपटली, तिची गुंडाळी केली आणि फोन काखेत मारला.

“अहो, अहो! हे काय?” आजोबा कळवळले. “तेवढाच तर आधार आहे मला. तो कुठे नेता?”

“आजोबा, आज फोन नाही,” गुरू म्हणाले. “आज तुम्ही जायचं. मावशी, खुर्ची आणा. माणसं नसली तरी आम्ही दोघे आहोत.”

चढ मोठा नव्हता, पण खुर्ची जड होती. शिष्य मागून ढकलीत होता, गुरू पुढून धरीत होते आणि आजोबा वाटभर कुरकुरत होते. “ती तोंड फिरवेल. माझ्या अंगावर हा सदरा तरी बरा आहे का? दाढीसुद्धा केलेली नाही.”

आजी खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. सहा दिवसांत त्या आणखी सुकल्या होत्या. उशाजवळचा फोन त्यांनी पालथा घातला होता. खुर्चीची चाके वाजली तशी त्यांनी मान वळवली, आजोबांना पाहिले आणि पुन्हा फिरवली.  खोलीत केवळ प्राणवायूच्या यंत्राचा फसफस आवाज येत होता.

गुरूंनी काखेतला फोन आजींच्या पलंगावर ठेवला आणि शिष्याला म्हणाले, “सांग.”

शिष्य पलंगापाशी आला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. “आजी,” तो म्हणाला, आणि थांबला. मग एका दमात म्हणाला, “आजी, हा फोन मी बिघडवला. मागच्या आठवड्यात मी तारांमध्ये भिंत घातली आणि या फोनला ते सांगायचं राहिलं. आजोबा रोज चारला तुम्हाला फोन करत होते. तुमचा आला की उचलत होते. ते बोलत होते, ते तुमच्यापर्यंत येत नव्हतं. मला खोलीत येऊन विचारायला सांगितलं होतं. मी आलो नाही. मला लाज वाटली माणसांची.”

 आजींनी मान वळवली. त्यांचा श्वास लागला होता.

“रोज चारला?” त्यांनी आजोबांना विचारले.

“चार म्हणजे चार,” आजोबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. “मला वाटलं, लोणच्यावरून तू...”

“मला वाटलं, मी ताटात डोकावले म्हणून तुम्ही...”

“वेडी का काय तू? बावन्न वर्षं डोकावते आहेस.”

आजींना हसू आले, त्याचा खोकला झाला, आणि खोकल्यातच त्यांनी पांघरुणाखालून हात बाहेर काढला. गुरूंनी शिष्याच्या खांद्याला धरून त्याला बाहेर नेले.

शिष्य बाहेरच्या बाकावर बसला. मग त्याने विचारले, “काका, फोन तर मी नीट केला होता. तुम्ही तार का उपटली?”

गुरू म्हणाले, “यंत्राचा गैरसमज एक संख्या बदलली की जातो, कारण ओ आली नाही तरी यंत्र कुणावर रुसत नाही. ते नुसतं पुन्हा विचारतं. माणूस न आलेल्या ओचा अर्थ लावतो. या दोघांना भिंत दिसत असती, तर त्यांनी भिंतीला दोष दिला असता. भिंत आहे हेच ठाऊक नव्हतं, म्हणून त्या सहा दिवसांची सगळी शांतता त्यांनी एकमेकांचा स्वभाव म्हणून धरली. तू फोन नीट केलास, पण मनात बसलेला तो अर्थ फोनमधून जाणारा नव्हता. तो फोन तिथे राहिला असता तर दोघंही त्याच्याकडे बघत आणखी आठवडा बसले असते. म्हणून तो दूर केला.”

“मग भिंत घालायलाच नको होती.”

“घालायलाच हवी होती. त्या घंटा आता वेळेवर वाजताहेत, त्यातली एखादी कुणाचा जीव वाचवील. वेगळं करणं वाईट नाही रे. पण ज्यांच्या मधून रेघ ओढली त्यांना ती दाखवायची असते, आणि दार कुठे आहे तेही बोट धरून दाखवायचं असतं. तू हे सांगितलं नाहीस. आणि तुला माणसांची भीती वाटते हे माहीत असून मी तुला एकट्याला सोडून गेलो, एवढं माझंही चुकलं.”

त्या दिवसापासून आजोबांना रोज दुपारी वर नेण्याची व्यवस्था झाली. पुष्कळदा शिष्यच खुर्ची ढकलायला येई. वाटेत आजोबा त्याला घड्याळांच्या गोष्टी सांगत आणि तो संकोचत का होईना, एखादा प्रश्न विचारी. आजी लोणच्याची चौकशी करीत आणि आजोबा हमखास खोटे बोलत.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी पहाटे आजी गेल्या.

शिष्य गुरूंबरोबर भेटायला गेला तेव्हा आजोबा खिडकीशी बसले होते. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दोष देत नाहीत हे पाहून शिष्याला अधिकच जड वाटले. परतताना रस्त्यात तो थांबला.

“काका,” त्याने विचारले, “मी भिंत घातली त्या दिवसापासून मोजलं तर त्यांच्याकडे पंधराच दिवस उरले होते. त्यांतले सहा माझ्यामुळे गेले ना?”

डॉक्टरांनी शिष्याला सांगितले होते की आजींचे दुखणे जुने होते, कुणाचाच इलाज चालला नसता. व्यवस्थापिकाबाई म्हणाल्या होत्या, मनाला लावून घेऊ नकोस, अशा चुका होतात. मावशी म्हणाल्या होत्या, शेवटचे नऊ दिवस तरी तुझ्यामुळेच मिळाले. गुरूही असेच काहीतरी म्हणतील अशी त्याला आशा होती.

गुरूंनी त्याच्याकडे नीट पाहिले.

“हो,” ते म्हणाले. “सहा. त्याहून कमी धरू नकोस, आणि त्याहून जास्तही धरू नकोस.”

शिष्य रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि पहिल्यांदाच रडला. गुरू त्याच्याजवळ बसून राहिले. त्यांनी त्याची समजूत घातली नाही आणि घाईही केली नाही. खूप वेळाने शिष्याने डोळे पुसले. दुःख कमी झाले नव्हते, पण आता ते मापाचे झाले होते, आणि मापाचे ओझे उचलून चालता येते एवढे त्याला उमगले.

वाचकहो, योग्य कारणासाठी का होईना, कुणाकुणाच्या मध्ये आपणही एखादी भिंत घातलेली असेल. तिच्या दोन्ही बाजूंना ते सांगितले होते का, एवढे आज जरा आठवून पाहावे.